वासरांच्या हगवणीबाबत दूध संघांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारी संचालक व सर्व संचालक,
जिल्हा व तालुका सहकारी दूध संघ, महाराष्ट्र राज्य

विषय : नवजात वासरांची हगवण, तिची कारणे आणि त्याबाबत संघांनी करावयाची कामे

महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेक संघ परराज्यातून दुभती जनावरे आणण्यासाठी सभासदांना अनुदान देतात किंवा कर्ज मिळवून देतात. हरियाणातून मुऱ्हा म्हशी येतात, कर्नाटकातून होल्स्टीनच्या संकरित गाई येतात, त्यांना हार घातले जातात आणि वार्षिक अहवालात त्यांची संख्या छापली जाते. सभासदांच्या स्वतःच्या गोठ्यात वर्षभरात किती कालवडी आणि वगारी जन्मल्या आणि त्यांपैकी किती पहिला महिना काढू शकल्या, हा आकडा मात्र त्या अहवालात शोधूनही सापडत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांवर जाऊन उपचार करणारी पशुवैद्यक म्हणून मला हा न छापलेला आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बाहेरून विकत आणलेली गाय ही पुष्कळदा त्याच गोठ्यात हगवणीने गेलेल्या कालवडीची जागा भरायला आलेली असते.

वासराचा मृत्यू नोंदला जात नाही, याला कारणे आहेत. कानात बिल्ला बसण्याआधी मेलेले वासरू शासनाच्या नोंदीत येत नाही, त्याचा विमा नसतो, आणि ते दूध देत नसल्यामुळे संघाच्या दहा दिवसांच्या बिलात त्याच्या जाण्याने काहीच कमी होत नाही. उलट, स्पष्टच लिहायचे तर, गाईचे वासरू गेल्यावर त्या घरचे दूध केंद्रावर लिटर-दोन लिटरने वाढलेले दिसते. (म्हशीचे तसे नसते. पारडू गेले की ती पान्हा चोरते आणि मग शेतकऱ्याला त्याची खरी किंमत कळते.) २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा सगळी यंत्रणा हलली, गावोगाव लसीकरण झाले आणि मेलेल्या जनावरांचे पंचनामे झाले. हगवण दरवर्षीचीच असल्यामुळे तिच्यासाठी बैठक बोलावण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

हगवण हा एकच एक रोग नाही. तिच्यामागे अर्धा डझन वेगवेगळे जंतू असू शकतात आणि वासराचे वय दिवसांत विचारले तर त्यांतला कोण असावा, याचा बराच अंदाज बांधता येतो. जन्मानंतरच्या पहिल्या चार दिवसांत पाण्यासारखी पांढुरकी-पिवळी हगवण लागून वासरू एका दिवसात मान टाकते, तेव्हा संशय ई. कोलाय या जिवाणूच्या एका विशिष्ट प्रकारावर जातो. ई. कोलाय प्रत्येक जनावराच्या आतड्यात असतातच, पण हा प्रकार अंगावरच्या सूक्ष्म तंतूंनी (पुस्तकांत त्यांना के-९९ किंवा एफ-५ म्हणतात) आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि असे विष सोडतो की अस्तर शाबूत असूनही शरीरातले पाणी आणि क्षार आतड्यात झिरपत राहतात. वासरू काही दिवसांचे झाले की या तंतूंना चिकटायला पूर्वीसारखी जागा राहत नाही. त्यामुळे दहा दिवसांच्या वासराची हगवण याच जिवाणूची समजून केलेला उपचार बहुतेक वेळा भलत्यावरच केलेला असतो.

पाचव्या दिवसापासून साधारण दुसरा आठवडा संपेपर्यंत रोटाव्हायरसचा काळ असतो. हगवण लागलेल्या वासरांमध्ये हा विषाणू १९६९ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कामध्ये ओळखला गेला आणि लहान मुलांमध्ये तो त्यानंतर चार वर्षांनी सापडला. आज आपल्या लेकरांना तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या रोटाच्या लसींपैकी पुण्यात तयार होणारी लस गाईच्या रोटाव्हायरसमध्ये माणसाच्या विषाणूची जनुके मिसळूनच बनवलेली आहे. इतके सारे माहीत झाल्यावरही ज्या वासरापासून या माहितीची सुरुवात झाली, ते आपल्या गोठ्यात त्याच विषाणूने मरते आहे. त्याच सुमारास, आणि पुढे महिनाभरापर्यंत, गाईंचा कोरोनाव्हायरस येतो. हा कोविडचा विषाणू नव्हे, त्यांचे फक्त घराणे एक. हे दोन्ही विषाणू आतड्याच्या आतल्या बाजूस असलेली, बोटांसारखी बारीक वाढ खाऊन टाकतात. दूध पचवण्याचे आणि शोषण्याचे काम तीच वाढ करत असल्यामुळे प्यालेले दूध न पचता पुढे सरकते आणि सोबत पाणी ओढून नेते.

क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्या गोठ्यांत तो फारसा कोणाच्या तोंडी नाही. त्याचाही काळ साधारण पाचव्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा, म्हणजे रोटाव्हायरसशी जुळणारा आहे, आणि नुसत्या शेणाकडे पाहून दोघांत फरक करता येत नाही. याची अंडीसदृश बीजे शेणातून बाहेर पडतात त्याच क्षणी दुसऱ्या वासराला बाधण्यास तयार असतात आणि एक आजारी वासरू ती अब्जावधींच्या संख्येने टाकते. ब्लीचिंग पावडर आणि फिनाईल यांना ही बीजे दाद देत नाहीत. ओल्या, सावलीच्या कोपऱ्यात ती महिनोन् महिने टिकतात, मात्र उकळत्या पाण्याने आणि पूर्ण कोरडे पडल्याने मरतात. प्रतिजैविकांचा त्यांच्यावर उपयोग होत नाही. शिवाय ती माणसालाही बाधतात. वासराच्या तोंडात बोट घालून त्याला दूध प्यायला शिकवणाऱ्या घरातल्या बाईला आणि त्याच्याशी खेळणाऱ्या मुलांना त्याच सुमारास जुलाब झाले, तर ‘पाणी बदलले असेल’ म्हणून ते सोडून दिले जाते.

साल्मोनेला तुलनेने कमी आढळतो, पण ताप, रक्त आणि आतड्याच्या अस्तराच्या सालींसह येणारी त्याची दुर्गंधीयुक्त हगवण फार घातक असते आणि तोही माणसापर्यंत पोहोचतो. तीन आठवड्यांपुढचे वासरू कुंथत कुंथत रक्त टाकू लागले, तर ते बहुधा कॉक्सिडिया या परजीवीचे काम असते. म्हशींकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. टॉक्सोकारा नावाच्या मोठ्या गोल जंताच्या अळ्या म्हशीच्या अंगात दडून असतात आणि ती व्याल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दुधावाटे पारडात उतरतात. म्हणजे गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी पारडाला जंत होतात, आणि दोन-तीन महिन्यांपर्यंतची पारडे मातकट, घाण वासाची हगवण, फुगलेले पोट आणि राठ केस घेऊन खंगत जातात. वयाच्या दहा ते पंधरा दिवसांच्या दरम्यान पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दिलेला जंतनाशकाचा एक स्वस्त डोस हे सारे टाळतो. आपल्याकडे मात्र जंताचे औषध तीन महिन्यांनी द्यायचे, असा समज पक्का बसलेला आहे.

प्रत्यक्ष गोठ्यात हे जंतू एकेकटे क्वचितच येतात, दोन-तीन मिळून आले तर वासरू हटकून गंभीर होते. आणि ज्या गोठ्यात रोटाव्हायरस आहे त्या गोठ्यातली सगळी वासरे मरत नाहीत, काहींना तर हगवणही लागत नाही. तेव्हा जंतू कोणता, या प्रश्नाइतकाच तो याच वासराला का बाधला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि संघाला हात घालता येईल असे सारे त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

त्या उत्तराचा मोठा भाग चीक हा आहे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. गाई-म्हशींची वार वेगळ्या रचनेची असल्यामुळे त्यांच्या वासराला ती पोटात असताना मिळत नाहीत, ती सगळी चिकातूनच मिळवावी लागतात. आतड्यातून ही द्रव्ये जशीच्या तशी रक्तात जाण्याची सोय जन्मानंतर थोडेच तास खुली असते. पहिल्या सहा तासांनंतर ती झपाट्याने कमी होत जाते आणि चोवीस तासांत जवळपास बंद होते. वासराच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर चीक, शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि फार तर चार तासांत पोटात गेला पाहिजे. त्यानंतर बारा तासांच्या आत आणखी एकदा पाजावा. हा हिशेब जगभर मान्य झालेला आहे.

आता आपल्या गावांत काय घडते ते पाहू. ‘वार पडल्याशिवाय चीक पाजू नये, नाहीतर वार पोटातच राहते’ ही समजूत मी सुशिक्षित, चाळीस-पन्नास गाईंच्या मुक्त संचार गोठ्याच्या मालकांकडूनही ऐकलेली आहे. निरोगी गाईची वार पडायलासुद्धा आठ-बारा तास लागू शकतात, आणि तेवढ्या वेळात वासराच्या आतड्याचा दरवाजा अर्ध्याहून अधिक बंद झालेला असतो. खरे तर वासरू सडाला लागले की गाईच्या अंगात ऑक्सिटोसिन सुटते. पान्हा सोडायला लावणारे हेच द्रव्य गर्भाशयाला आकुंचन पाववते, म्हणजे लवकर पाजल्याने वार पडायला मदतच होते. रात्री अकराला व्यालेल्या गाईचे वासरू सकाळच्या धारेपर्यंत उपाशी राहते, हा दुसरा प्रकार. तिसरा प्रकार पहिलारू कालवडींचा. त्यांच्या चिकात प्रतिकारद्रव्ये बहुधा कमी असतात, त्यांचे विणे अवघड गेलेले असते आणि थकलेले वासरू उभेच राहत नसल्यामुळे आपणहून पीत नाही. ‘वासरू सडाला लागले होते’ हे उत्तर मला नेहमी मिळते. त्याने किती प्यायले, हे मात्र कोणी पाहिलेले नसते.

खरवसाबद्दल लिहिले नाही तर पत्र अपुरे राहील. शेजारीपाजारी चीक वाटण्याच्या रीतीला माझी काहीच हरकत नाही, मलाही तो डबा येतो आणि मी तो आनंदाने घेते. पण पहिल्या धारेचा चीक सर्वांत दाट आणि सर्वांत गुणकारी असतो, तो आधी मोजून वासराला पाजावा आणि उरलेला खरवसाला घ्यावा. संकरित गाईला पहिल्या धारेला वासराच्या गरजेहून जास्त चीक बहुधा असतोच, त्यामुळे दोघांचेही भागते. चिकाचा कस पाहायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. द्राक्ष बागायतदार आणि साखर कारखान्यांची माणसे गोडी मोजायला जो हातातला ब्रिक्समापक वापरतात, तोच इथेही चालतो. वाचन २२ किंवा त्याहून जास्त आले तर चीक उत्तम समजावा, कमी आले तर जास्त पाजावा किंवा दुसऱ्या गाईचा साठवलेला चीक द्यावा. नाशिक आणि सांगलीकडच्या कितीतरी घरांत हे उपकरण आधीच पडून आहे आणि त्याच घरांत गाईही आहेत.

चिकाच्या खालोखाल जागेचा प्रश्न येतो आणि तो थोडक्यात सांगता येईल. गाय जिथे व्याली ती जागा ओली आणि शेणाने भरलेली असते, आणि वासराच्या तोंडात पहिली गोष्ट जाते ती मळलेले सड किंवा खालचे शेण. मुक्त संचार गोठ्यांनी गाईंचे भले केले, पण त्यांतल्या बहुतेकांत वासरांना एक सावलीचा कोपरा मिळाला आहे, जिथे तीन दिवसांचे आणि तीन महिन्यांचे वासरू एकत्र असते आणि तो कोपरा वर्षभर कधीच रिकामा होऊन वाळत नाही. मोठी वासरे आजारी न दिसताही जंतू टाकत राहतात आणि लहान ती चाटतात. पावसाळ्यात आणि थंडीच्या सुरुवातीला म्हशींची विण्याची गर्दी होते, त्याच काळात जमीन ओली असते आणि त्यामुळे पारडांचे मृत्यू त्या चार-पाच महिन्यांत एकवटतात. नवजात वासराला पहिले तीन आठवडे स्वतंत्र, कोरडी, रोज भुसा किंवा पाचट बदललेली जागा आणि स्वतःची बादली मिळाली, आणि सांभाळणाऱ्याने आधी निरोगी व शेवटी आजारी वासराकडे जाण्याचा क्रम पाळला, तरी पुष्कळ फरक पडतो. याला बांबू आणि जुन्या पत्र्यांपलीकडे फारसा खर्च नाही.

गोऱ्ह्यांचा विषय अवघड आहे, पण तो टाळून हगवणीवर बोलता येत नाही. २०१५ मध्ये राज्यात गाईबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली आणि संकरित गोऱ्ह्याला बाजारच राहिला नाही. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात लिहिण्याची ही जागा नव्हे. गोठ्यातला परिणाम मात्र मी पाहते. गोऱ्ह्याला चीक नावापुरता मिळतो, दूध त्याहून कमी, आणि तो सर्वांत आधी आजारी पडतो. त्याच्या शेजारच्या खुंटीला, त्याच ओल्या जमिनीवर कालवड बांधलेली असते. लिंगविनिश्चित रेतमात्रेला (बहुतेक मादी वासरेच जन्मावीत म्हणून निवडलेल्या वीर्याला) जादा पैसे मोजून मिळवलेली ती कालवड मग गोऱ्ह्याच्या हगवणीने जाते. गोऱ्ह्याला पहिल्या दिवशी पोटभर चीक पाजणे हे भूतदयेइतकेच कालवडीच्या रक्षणाचेही काम आहे, असे सभासदांना हिशेबाच्या भाषेत सांगितले पाहिजे.

उपचाराकडे येते. नुकतीच पाहिलेली एक नऊ दिवसांची होल्स्टीन संकरित कालवड डोळ्यांसमोर आहे. शेपूट आणि मागचे पाय पिवळ्या शेणाने चिकटलेले, डोळे खोबणीत आत गेलेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर यायला पाच-सहा सेकंद. तोंडात बोट घातले तर आतून गार आणि चोखण्याची इच्छा नाही. दाव्याजवळच्या खांबाला सलाईनची अर्धा लिटरची बाटली टांगलेली होती आणि खिडकीत तीन वेगवेगळ्या प्रतिजैविकांच्या रिकाम्या कुप्या होत्या. दूध दोन दिवस बंद केले होते, कारण ‘दुधाने हगवण वाढते’ असे कोणीतरी सांगितले होते. तीस किलोच्या वासराच्या अंगातले, त्याच्या वजनाच्या आठ टक्के इतके पाणी गेले तर तूट जवळपास अडीच लिटरची होते, आणि हगवण चालू असेपर्यंत त्यात रोज लिटरांची भर पडते. अर्धा लिटर सलाईनने तिथे काहीच होत नाही. शिवाय पाण्याबरोबर सोडियम आणि बायकार्बोनेट निघून गेल्यामुळे रक्त आम्लधर्मी होते आणि वासरू त्यानेच निपचित पडते. दूध बंद केल्याने अंगातली उरलीसुरली ऊर्जाही संपते.

हगवण लागलेल्या वासराला वाचवते ते पाणी, क्षार आणि दूध. वासरू उभे राहते आणि चोखते आहे तोवर वासरांसाठीच्या ओआरएसचे द्रावण दिवसातून दोन-तीनदा, दोन दुधांच्या मधल्या वेळेत पाजावे आणि दूध चालूच ठेवावे. बायकार्बोनेट असलेले द्रावण दुधातच मिसळू नये, त्याने चौथ्या पोटात दूध साकळत नाही. चोखणे बंद झाले, तोंड गार पडले, की तोंडाने पाजण्याची वेळ संपली. मग पशुवैद्यकाने शिरेतून पुरेसे द्रव आणि बायकार्बोनेट द्यायला हवे आणि त्यासाठी १९६२ क्रमांकावर फिरते पथक बोलावता येते. प्रतिजैविकाची गरज ताप, शेणात रक्त किंवा सर्वांगात संसर्ग पसरल्याची लक्षणे असली तर असते. रोटा, कोरोना आणि क्रिप्टो या तिघांवरही प्रतिजैविक काम करत नाही, आणि पाच दिवसांनंतरच्या हगवणीत बहुतांशी हेच तिघे असतात.

इथे संघांचा थेट संबंध येतो, म्हणून जरा थांबून लिहिते. दुधात प्रतिजैविकांचे अंश राहू नयेत, म्हणून आपण केंद्रांवर आणि डेअरीच्या दारात पट्टीने तपासणी सुरू केली, हे चांगलेच झाले. पण कासदाहाच्या उपचारावर असलेल्या गाईचे जे दूध आपण नाकारता किंवा शेतकरी भीतीने आणतच नाही, ते बहुतेक घरांत ओतून दिले जात नाही, ते वासराच्या बादलीत जाते. त्या थोड्या-थोड्या प्रतिजैविकावर वासराच्या आतड्यातले जिवाणू पोसले जातात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे शिल्लक राहतात. नंतर खरोखर साल्मोनेला आला की इंजेक्शन लागू पडत नाही. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली, ती माणसांसाठीचे हे राखीव औषध निकामी होऊ नये म्हणून. नाकारलेल्या दुधाचे पुढे काय करायचे, याची एक ओळही आपल्या सूचनापत्रकांत नाही. ते दूध वासराला पाजू नये, एवढे तरी पट्टीच्या निकालाबरोबर सांगितले गेले पाहिजे.

आणखी एक बाब संघटनात्मक आहे. वासरू पाजणे, त्याची जागा झाडणे, रात्री उठून पाहणे ही कामे बहुतेक घरांत बाई करते, आणि सभासदत्व, पासबुक व प्रशिक्षणाचे निमंत्रण पुरुषाच्या नावाने असते. संघाच्या मेळाव्यात चिकावर भाषण होते ते अशा माणसांपुढे, ज्यांनी वासराला बाटली लावलेली नसते. घरी परत आल्यावर त्यातले किती सांगितले जाते, याचा अनुभव आपणा सर्वांना असेल. दुपारी दोन ते चार या वेळेत, गावातल्याच एखाद्या गोठ्यात, बायकांसाठी घेतलेला तासाभराचा वर्ग मोठ्या मेळाव्याहून जास्त कामाचा ठरतो.

आता मागणी. संघांनी पहिल्यांदा नोंद सुरू करावी. केंद्राच्या सचिवाने दूध मोजताना रोज सभासदाशी बोलायचेच असते. कोणाकडे गाय-म्हैस व्याली, नर की मादी, पहिला चीक किती तासांनी आणि किती पाजला, हगवण लागली तर कितव्या दिवशी आणि वासरू साठ दिवसांचे झाले का, एवढ्या पाच रकान्यांची वही पुरे. कितव्या दिवशी, या एकाच रकान्यातून त्या गावात कोणता जंतू असावा याचा निम्मा अंदाज येईल. त्याच्या जोडीला प्रत्येक तालुक्यातून दोन हंगामांत आजारी वासरांच्या शेणाचे, औषध सुरू करण्याआधी घेतलेले काही नमुने पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा शिरवळसारख्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावेत. क्रिप्टोस्पोरिडियम पाहायला क्षयाच्या बेडक्यासाठी वापरतात त्याच प्रकारची रंजनपद्धत आणि साधा सूक्ष्मदर्शक चालतो, म्हणून खर्चाची सबब इथे टिकणार नाही.

दुसरे, प्रत्येक केंद्रावर पशुखाद्याच्या पोत्यांशेजारी वासरांसाठीच्या ओआरएसची पाकिटे, बूच असलेली तीन लिटरची पाजण्याची बाटली आणि एक ब्रिक्समापक असावा. पाकिटाचे पैसे बिलातून कापावेत, कोणी तक्रार करणार नाही. रात्री बाराला हगवण लागलेल्या वासरासाठी गावात मिळणारे द्रावण तालुक्याच्या दुकानातल्या महागड्या इंजेक्शनापेक्षा उपयोगी असते. ज्या संघांची आइस्क्रीम आणि श्रीखंडाची विक्री केंद्रे आहेत, त्यांच्याकडे डीप फ्रीझर आहेतच. त्यांतला एक चिकासाठी वेगळा ठेवावा. ब्रुसेलोसिस, क्षय आणि जोन्स या रोगांच्या तपासणीत निर्दोष ठरलेल्या गाईंचा जादा चीक लिटरच्या पिशव्यांत गोठवला तर तो वर्षभर टिकतो, आणि वापरताना पिशवी कोमट पाण्यात ठेवून वितळवायची असते, उकळायची नाही. चीक बँकेचा हा खर्च परराज्यातून आणलेल्या एका गाईच्या वाहतुकीपेक्षा फारसा जास्त होणार नाही, असा माझा अंदाज आहे.

लसीची मागणी माझ्याकडे वारंवार होते, म्हणून तिच्याबद्दलही लिहिते. रोटा, कोरोना आणि ई. कोलाय या तिघांविरुद्धची लस अनेक देशांत गाभण गाईला शेवटच्या टप्प्यात देतात. ती गाईसाठी नसून चिकासाठी असते, गाईच्या अंगात तयार झालेली प्रतिकारद्रव्ये चिकातून वासराला मिळावीत म्हणून. चीक वेळेवर पाजण्याची सवय नसलेल्या गावात ती टोचून हाती काही लागणार नाही. संघांनी एकत्र येऊन तिच्या उपलब्धतेसाठी शासनाकडे पाठपुरावा जरूर करावा, पण तो वर लिहिलेली कामे सुरू झाल्यावर.

आणि अनुदानाचे सूत्र बदलावे. बाहेरून जनावर आणणाऱ्याला जेवढी मदत मिळते, तिचा काही भाग तरी स्वतःची कालवड किंवा वगार साठ दिवसांपर्यंत निरोगी वाढवून दाखवणाऱ्याला मिळावा, दिवाळीच्या फरकाबरोबर दिला तरी चालेल. बाहेरून आलेले जनावर आपल्याबरोबर नवे जंतूही आणते आणि इथल्या जंतूंना त्याच्या चिकात उत्तर नसते. शेवटच्या महिन्यात आणलेल्या गाभण म्हशीचे पारडू म्हणूनच जास्त जोखमीत असते. खरेदी करायचीच असेल तर विण्याआधी निदान दीड-दोन महिने जनावर नव्या गोठ्यात आलेले असावे, ही अट अनुदानाच्या अर्जात घालायला कोणाची परवानगी लागणार नाही.

हे सारे एकदम करण्याची गरज नाही. येत्या पावसाळ्यात म्हशींची वेते सुरू होण्यापूर्वी आपल्या मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि प्रत्येक संघाने दहा गावांत फक्त वही आणि चीक एवढ्यापासून सुरुवात करावी. वहीचा एक पानी नमुना आणि केंद्र सचिवांसाठीच्या सूचना मी तयार केल्या आहेत. ज्या संघाला त्या हव्या असतील त्याला विनामूल्य देईन आणि सचिवांच्या पहिल्या प्रशिक्षणाला स्वतः येईन, फक्त ते सकाळच्या संकलनानंतर ठेवावे.

कळावे,

आपली नम्र,
गोठ्यांवर काम करणारी एक पशुवैद्यक